माशी स्वच्छ, चकती धूसर

१४ जून १९९८

आजवर स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू, आठवतील तशा: पिस्तुलाच्या शिसवी मुठी, पहिली बिघडली ती धरत नाही. टार्गेट पुढेमागे नेणारी गाडी, सायकलच्या चेनवर चालणारी. छर्रे अडवायची पत्र्याची पेटी, मागचा पत्रा मुद्दाम तिरका, म्हणजे छर्रा उलटून येत नाही. चाप किती जोरानं सुटतो ते बघायचं टांगतं वजन. नेम धरताना डाव्या डोळ्यावर पाडायची झापड. आईला मखमलाबादच्या घरी ओट्यापासून न्हाणीपर्यंत धरून जायला लोखंडी कठडा, कोपरे कानशीनं गोल केलेले. आणि उज्वलाचा नेम. तोही माझ्याच हातचा, कुणी काही म्हणो.

मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या वर्कशॉपात फिटर. नेमबाजी मला कुणी शिकवली नाही. तिथल्या रक्षकांच्या सरावासाठी टार्गेटचं स्टँड वेल्ड करायला गेलो आणि काम संपल्यावरही तिथेच उभा राहिलो. पुढचं एका फाटक्या इंग्रजी पुस्तकातून, शेजारी शब्दकोश ठेवून. पंधरा वर्षं झाली. आता नेमबाजीच्या क्लबातली पोरं मला सर म्हणतात, पण त्यांच्या बापांना माझं शिक्षण विचारायची फार हौस.

उज्वला माझ्या थोरल्या बहिणीची, सगुणाताईची मुलगी. बारावीला आहे. दहा मीटर एअर पिस्तुलात जिल्ह्यात पहिली. आता तिला पंचवीस मीटरवर न्यायचं, खऱ्या पॉइंट टू टू पिस्तुलावर. डिसेंबरात पुण्याला राज्य स्पर्धा. तिथे निवड झाली तर पोलिसात नाहीतर रेल्वेत खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागू शकते. दाजींनी शब्द दिलाय की डिसेंबरपर्यंत घरात लग्नाचा विषय निघणार नाही. डिसेंबरनंतरचा शब्द दिलेला नाही.

म्हणून ही दैनंदिनी. काय केलं, काय चुकलं, सगळं नीट लिहायचं.

२१ जून

पंचवीस मीटरवरचा पहिला दिवस. गोळ्या चकतीभर विखुरल्या, दोन मागच्या मातीत.

नवशिक्याचं असंच होतं. टार्गेट लांब गेलं की माणूसही लांब बघायला लागतो. बघायची असते माशी, नळीच्या टोकावरची. ती मागच्या खाचेत बरोबर मध्ये, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, माथा सपाट. माशी खाचेत मिलिमीटरभर सरकली तर पंचवीस मीटरवर गोळी चार इंचांहून जास्त लांब जाते. उलट हात हलला, पण माशी खाचेत जागेवर राहिली, तर फार बिघडत नाही. हात सगळ्यांचाच हलतो. माझाही.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"काळा गोल."

"म्हणजे तू माशी बघत नाहीयेस."

"माशी बघितली की गोल पुसट होतो, मामा."

"होऊ दे. माशी स्वच्छ, चकती धूसर. हेच पाहिजे."

"जे नीट दिसत नाही त्याला मारायचं?"

"मारायचं नाही. माशी धरून ठेवायची आणि चाप हळूहळू दाबत राहायचा. गोळी कधी सुटली ते तुलाही कळता कामा नये."

थोडा विचार करून म्हणाली, "भाकरी फुगते तसं. बघत बसलं की फुगत नाही."

तसंच, म्हटलं. हे पुस्तकात नव्हतं.

क्लबात जो तो अर्जुनाची गोष्ट सांगतो. अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता, म्हणे. पिस्तूल दिलं असतं तर अर्जुनाची गोळी झाडाबाहेर गेली असती.

५ जुलै

मखमलाबादला गेलो. आई असते ताईकडेच. ताईनं शेपूची भाजी केली होती. आई ओट्यावर शेवंतीच्या माळा करत होती. डोळे गेल्याला बारा वर्षं झाली, पण गाठीत चूक नाही. आईचा मोतीबिंदू पिकायची वाट बघितली आम्ही. पिकल्याशिवाय काढत नाहीत असं सगळेच सांगायचे. शेवटी शिबिरात नेलं तेव्हा तिथल्या माणसानं टॉर्च मारून मान हलवली.

उज्वलानं पाणी आणलं आणि तांब्या माझ्या ताटाला लागून सांडला. ताई म्हणाली, "ही हल्ली लय धांदरट झाली. काल कळशी ठेवली दाराशी, तीत पाय घातला."

"डोक्यात नेमबाजी आहे तिच्या," मी म्हणालो.

आई माळेतून हात न काढता म्हणाली, "यादव, पोरगी घरात येताना चौकटीला हात लावून येती."

"मग?"

"मी बी तशीच यायची. डोळे जायच्या आधी."

आता हिला दिसत नाही, आणि ही दुसऱ्याचं सांगणार. चौकट ठेंगणी आहे, मीही हात लावतो. विषय बदलला.

१९ जुलै

गोळीविना सराव. पिस्तूल रिकामं, तीनदा तपासून. समोर पांढरी भिंत, टार्गेट नाही, म्हणजे बघायला माशीशिवाय काहीच उरत नाही. नळीवर जुनं पाच पैशाचं नाणं ठेवतो, वजनाला हलकं, चाप झटक्यानं ओढला की टपकन पडतं. पहिल्या दिवशी सारखं पडत होतं. आज शेवटच्या पाळीत एकदाही पडलं नाही. चाप सुटल्यावरही माशीवर नजर ठेवून मनातल्या मनात एक आकडा म्हणायचा, हात लगेच खाली घ्यायचा नाही. ही सवय तिला आपोआप लागली.

एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवतो. ती नेम धरून उभी असताना मी तिच्या उजव्या अंगाला गेलो, हात हलवला, रुमाल हलवला. पापणीसुद्धा लवली नाही. बाकीच्या पोरांना शेजारून मांजर गेलं तरी कळतं. नंतर विचारलं तर म्हणाली, "तुम्ही होता तिथं? खरंच दिसला नाहीत, मामा."

पंधरा वर्षांत असा विद्यार्थी मिळाला नव्हता. एकाग्रता शिकवता येत नाही. ती असावी लागते.

९ ऑगस्ट

पुण्याचे ललितराव आज रेंजवर आले होते. तिथे मुलामुलींना ठेवून घेऊन शिकवतात. फौजेत होते, मग परदेशात जाऊन शिकून आले. शर्टाला इस्त्री, बोलणं हळू.

उज्वलाचे दहा शॉट बघितले. नंतर तिचं पिस्तूल मागितलं, मूठ उलटी करून बघितली. "ही कुणी केली?"

"मी."

"हौशी काम चांगलं आहे. बदलावी लागेल."

अंगठ्याखालच्या त्या उतारासाठी मी तिच्या हाताचा मेणात ठसा घेतला होता. हौशी, म्हणे.

मग म्हणाले, "तुम्ही स्वतः कुठे शिकलात?"

"इथेच."

"कुणाकडे?"

"माझ्याकडे."

हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. मग प्रस्ताव मांडला, तिला पुण्याला पाठवण्याचा. तपशील इथे लिहीत नाही, लिहिण्याजोगे नाहीत. मी सांगितलं, आमची पोरगी विकायला काढलेली नाही. ते म्हणाले, "तिला विचारा तरी." विचारलं. उज्वला माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मामा म्हणतील तसं."

त्यातच आलं सगळं.

घरी येताना स्कूटरचा डावा आरसा फाटकाला लागून फुटला. फाटक बसवणाऱ्यानं खांब आत घेतलाय. उद्या ओळंबा लावून बघतो.

६ सप्टेंबर

उज्वला पंचवटीत फुलं पोचवून लुनावरून परत येताना रिक्षाला धडकली. डाव्या गल्लीतून आली रिक्षा. कोपर सोललं, उजवा हात शाबूत, देवाची कृपा. रिक्षावाला सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, केव्हाचा हॉर्न देतोय, बघत होतात माझ्याकडं आणि तरी आलात." पंचवटीतले रिक्षावाले कसे चालवतात ते जगाला माहीत आहे.

रात्री प्रतिभा म्हणाली, "अहो, पोरीला एकदा डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवू या का?"

"पंचवीस मीटरवर नऊच्या खाली जात नाही तिचा शॉट. डोळे कशाला दाखवायचे?"

"परवा स्वयंपाकघरात दोनदा आदळली माझ्यावर."

"तुझं स्वयंपाकघर केवढं."

ती कूस वळवून पडली. बायकोला नेमबाजीतलं कळत नाही, पण न बोलण्याचा तिचा एक प्रकार आहे, त्यानं झोप लागत नाही.

१ ऑक्टोबर, दसरा

पाना, कानशी, व्हर्निअर आणि क्लबातून सही करून आणलेलं पिस्तूल पाटावर मांडून पूजा केली. उज्वला झेंडूचे हार घेऊन आली. तीन रात्री बाजारात बसून होती, डोळे लाल. म्हणाली, "मामा, बाजारातल्या बल्बांभोवती रंगीत कडी दिसतात. आधी वाटलं धूर आहे."

"जागरणानं होतं. गुलाबपाण्याच्या घड्या ठेव."

हो म्हणाली. मग पिस्तुलाला हार घालताना हार पाटाच्या बाहेर पडला. हसली आणि उचलून पुन्हा घातला. आम्ही सगळेच हसलो.

८ नोव्हेंबर

आजचा गट: पाच गोळ्या, आठ आण्याच्या नाण्याखाली झाकतील अशा. पंचवीस मीटरवरून. कागद कापून वहीत चिकटवलाय.

पण दुसऱ्या पाळीत म्हणाली की उजव्या डोळ्याला माशीचा वरचा भाग कधी असतो, कधी नसतो. मी मूठ तपासली, मनगट खाली पडत होतं, म्हणून माशी बुडत असणार. मूठ दीड मिलिमीटर घासली. मग उजेडाचा संशय आला म्हणून माशी मेणबत्तीच्या काजळीनं काळी केली. मग खाच थोडी रुंद केली. प्रत्येक वेळी विचारलं, आता दिसते? प्रत्येक वेळी ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची आणि मग हो म्हणायची.

२६ डिसेंबर, पुणे

कसं लिहावं कळत नाही. क्रमानं लिहितो.

टार्गेट एका रांगेत, प्रत्येकावर नंबर. उज्वलाचा सातवा. पहिल्या पाळ्या उत्तम. मागे बसलेले लोक नाव विचारायला लागले. ललितराव दोन खुर्च्या सोडून बसले होते, त्यांनी माझ्याकडे बघून मान तुकवली. मी ओळख दिली नाही.

शेवटची पाळी. मी शिकवल्याप्रमाणे तिनं दोन गोळ्यांनंतर हात खाली घेतला, श्वास घेतला, खांदा सैल केला. पुन्हा पिस्तूल उचललं. उभं राहणं बघून मला कळलं की हा शॉट चांगला जाणार. गेलाच. दहा. पुढचाही दहा. पुढचाही.

आठव्या नंबरच्या टार्गेटवर. शेजारच्या मुलीच्या.

नियमाप्रमाणे तिन्ही शून्य. निवड गेली.

बाहेर आल्यावर मी बोलायचं नव्हतं ते बोललो. म्हणालो, सहा महिने भिंतीसमोर उभी केली ती नंबर वाचता यावा म्हणून नाही, ते पहिलीतल्या पोराला येतं. आसपासचे बघत होते.

ती म्हणाली, "मामा, मला एकच गोल दिसत होता. म्हटलं, तोच आपला असेल."

एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसली. सिन्नर गेल्यावर म्हणाली, "तुम्ही पाण्याची बाटली पुढे केली होती का? आता दिसली." मी हो म्हणालो. बाटली मंचरपासून तिच्यासमोर धरून बसलो होतो.

११ जानेवारी १९९९

प्रतिभा आणि सगुणाताईनं मला न विचारता उज्वलाला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. आज पुन्हा बोलावलं म्हणून मीही गेलो, मनात म्हटलं, चष्म्याचा नंबर काढतील.

एक यंत्र असतं, मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं. त्यात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि आजूबाजूला कुठे दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. उज्वलानं बटण धरलं. बोट मी शिकवलं तसंच, पहिल्या पेराचा मध्य. खांदे खाली, श्वास अर्धा सोडलेला. इतकी स्थिर बसली होती की मला अभिमान वाटला.

बराच वेळ तिनं बटण दाबलं नाही. मला वाटलं, अजून दिवा लागला नसेल. योग्य क्षणाची वाट बघतेय.

यंत्र चालवणाऱ्या बाईंना हळूच विचारलं, सुरू कधी होणार. त्या म्हणाल्या, "केव्हाच सुरू झालंय. दिवे लागतायत."

१२ जानेवारी

काल पूर्ण लिहू शकलो नाही.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. कागदावर काळे गोल काढून दाखवले. उजव्या डोळ्याला मध्ये जेमतेम एक झरोका उरलाय, तोही तुटका. डावा त्याहून बरा, पण बाजूचं गेलेलं. काचबिंदू म्हणतात. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस मरत जाते, कडेकडेनं सुरुवात करून. दुखत नाही. मधलं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून माणसाला कळत नाही.

"घरात कुणाला होता?"

ताई म्हणाली, "आईचे डोळे गेले. पण तो मोतीबिंदू व्हता. पिकला नाय."

"कुणी सांगितलं मोतीबिंदू होता?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कुणीच सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचे डोळे जातात ते मोतीबिंदूनंच, एवढंच माहीत होतं.

"काचबिंदू पिकत नाही," बाई म्हणाल्या. "त्याची वाट बघायची नसते. ऑपरेशन करू, जे उरलंय ते टिकवायला. गेलेलं परत येणार नाही. पावसाळ्यात आला असतात तर थेंबांवर बरंच वाचलं असतं."

उज्वलानं एकच विचारलं, "पिस्तूल?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे.

निघताना त्या म्हणाल्या की रक्ताच्या सगळ्यांनी तपासून घ्या, तुम्हीसुद्धा. मी हो म्हणालो. मला गरज नाही. काल घरी येऊन पाहिलं, माझी माशी अजून कोरीव दिसते.

७ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. डावा टिकेल म्हणतात.

मखमलाबादला गेलो. ओट्यावर आई आणि उज्वला शेजारी बसून माळा करत होत्या. आई तिला सुई न बघता कशी ओवायची ते शिकवत होती, "बघू नको गं, बघितलं की चुकती. बोटाला कळू दे." मी हेच शब्द वेगळ्या तऱ्हेनं सांगत आलो होतो.

दाजी पाहुण्यांशी आत बोलत होते. सिन्नरकडचं स्थळ, बिजवर आहे, पण जमीन आहे. ताई चहा देताना म्हणाली, "डिसेंबर झाला की रे, यादव." एवढंच म्हणाली.

उज्वला मला ओट्याच्या पायरीपर्यंत सोडायला आली. लोखंडी कठड्याला धरून. कोपरे गोल केले होते ते बरं झालं.

"मामा, एक विचारू? आठव्या टार्गेटवरचे तीन दहाच होते ना?"

"दहाच होते. एक तर अगदी मधला."

"मग चाप बरोबर दाबला होता मी."

"बरोबर दाबला होतास."

स्कूटर सुरू करायला वेळ लागला. बंद पडलेली नव्हती.

२१ मार्च

थेंब डोळ्यात पडत नाहीत, गालावर ओघळतात, अशी तक्रार होती. एक चौकट केली. शिसवीची, राहिलेल्या मुठीच्या तुकड्यातून. भुवईवर एक पाय, गालाच्या हाडावर एक, मध्ये बाटलीला भोक. मेणात ठसा घेऊन बसवलीय, त्यामुळे हलत नाही. आज उज्वलानं स्वतः थेंब टाकला. पहिलाच बरोबर मध्ये. "दहा," म्हणाली.

वहीच्या पहिल्या पानावर जाऊन वस्तूंच्या यादीत ही चौकट लिहिली. त्याच यादीतली एक ओळ खोडायला पेन टेकवलं, पण खोडली नाही.

घरी आलो तर प्रतिभा म्हणाली, शेजाऱ्यांकडे पुण्याहून फोन आला होता. ललितराव होते. विचारत होते, मुलगी कशी आहे, डिसेंबरनंतर दिसली नाही.

"काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं. मग म्हणाले, आमच्याकडे आल्या आल्या कळलं असतं. असं का म्हणाले?"

प्रतिभाला मी प्रस्तावातलं कधी काही सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. ऐकून उठली आणि फाटकाचा दिवा लावून आली. बाहेर अजून उजेड होता. म्हणाली, "परवा परत डावीकडे घासलीत ना स्कूटर. लावून ठेवते आतापासून."

९ ऑगस्टच्या पानावर जे लिहिलं नव्हतं ते इथे लिहितो, कारण ही दैनंदिनी सगळं नीट लिहायला सुरू केली होती. ललितरावांचा प्रस्ताव असा होता: दोन वर्षं पुण्यात राहणं आणि जेवण त्यांच्याकडे. कॉलेजची फी त्यांची. गोळ्या, पिस्तूल त्यांचं. दाखल होताना आणि पुढे दर सहा महिन्यांनी डोळ्यांची पूर्ण तपासणी, त्या वाडग्याच्या यंत्रासकट. शिवाय तिच्या नावावर महिन्याला दीड हजार.

मी नाही म्हणालो. दोन वर्षांचे छत्तीस हजार रुपये.